माऊसमुळे मनगट दुखतंय? ट्रॅकबॉल घेण्याआधी हे समजून घ्या

परभणी जिल्ह्यातलं पोखर्णी म्हटलं की नृसिंहाचं मंदिर आठवतं. पण अशा कुठल्याही गावातल्या सेवा केंद्राचं टेबल आठवा. प्रिंटर, स्कॅनर, आधार कार्डांच्या झेरॉक्स आणि माऊस फिरवायला जेमतेम वीतभर जागा. पीक विम्याची मुदत जवळ आली की दिवसभर तोच हात चालतो. मनगट दुखायला लागलं की सल्ला मिळतो, ‘ट्रॅकबॉल घे.’ पण त्याने खरंच फरक पडतो का?

ट्रॅकबॉल म्हणजे काय?

जुना, पोटात बॉल असलेला माऊस उलटा ठेवल्यासारखं हे यंत्र. ते जागचं हलत नाही. वरचा बॉल फिरवला की कर्सर सरकतो. ही कल्पना माऊसपेक्षाही जुनी आहे. राल्फ बेंजामिन यांनी १९४६ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या रडार यंत्रणेसाठी ती मांडली. डग्लस एंगेलबार्ट यांनी माऊस जगाला दाखवला तो १९६८ मध्ये.

फायदा कोणाला?

जागा कमी लागते आणि हात सारखा सरकवावा लागत नाही. पण ताण नाहीसा होत नाही, तो बोटांवर जातो. काही ट्रॅकबॉल अंगठ्याने फिरवायचे असतात. मोबाईलमुळे अंगठा आधीच दुखत असेल, तर बोटांनी फिरवायचा प्रकार बघा. डावखुऱ्यांनाही तोच सोयीचा, कारण अंगठ्याचे बहुतेक ट्रॅकबॉल उजव्या हाताच्या आकाराचे असतात.

सवय कशी लावायची?

सुरुवातीला फॉर्ममधल्या बारीक चौकटींवर कर्सर नेमका थांबत नाही. सेटिंगमध्ये कर्सरचा वेग कमी करा आणि गर्दीच्या दिवसांत बदल करू नका. बॉल अडखळायला लागला, तर तो काढून खालची धूळ पुसा.

आधी काय करून बघाल?

माऊस कीबोर्डला चिकटून ठेवा. कोपराला आधार द्या. पुढच्या रकान्यात जायला टॅब बटण वापरा. मधूनमधून हाताला विश्रांती द्या. यासाठी एक रुपयाही लागत नाही. एवढं करूनही त्रास राहिला तर ट्रॅकबॉलचा विचार करा.

मात्र अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येत असतील किंवा रात्री हात बधिर होत असेल, तर मनगटातली नस दाबली जात असण्याची शक्यता असते. तेव्हा खरेदी बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना हात दाखवा.