पीआर म्हणजे नुसतं बोलबच्चन नव्हे!

तुमच्या फॅमिली ग्रुपवर एक तरी मास मीडियावाली मावसबहीण असतेच. अकाउंट्सचा कंटाळा, सायन्सचा धसका, मग हिने घेतलं मास मीडिया. आता सेकंड इयरला पोचल्यावर ती तुम्हाला विचारते, "दादा, मी पीआरमध्ये जाऊ का? मला बोलायला जाम आवडतं." तुम्ही कॉर्पोरेटमध्ये आहात म्हणजे तुम्हाला यातलं सगळं ठाऊक असणार, असा तिचा (गोड) गैरसमज!

तिला आधी हे सांगा की, बोलायला आवडणं हे पीआरचं क्वालिफिकेशन नाही. पीआर म्हटलं की डोळ्यांसमोर येते फाइव्ह स्टारमधली पार्टी, गळ्यात आयकार्ड, हातात वॉकीटॉकी आणि दोन फुटांवर उभा असलेला एखादा हीरो. हा सीन खोटा नाही, पण तो कधीतरीचा. बाकीचे दिवस कसे जातात? सकाळी सगळे पेपर आणि वेबसाइट्स चाळायच्या. क्लायंटचं नाव कुठे आलंय, त्याच्या स्पर्धकाचं कुठे आलंय, ते शोधून कव्हरेज रिपोर्ट मेल करायचा. मग मीडिया लिस्ट अपडेट करायची. कोणता रिपोर्टर पेपर सोडून चॅनेलला गेला, कोणाकडे बँकिंगऐवजी आता हेल्थ आलं... इंटर्नच्या वाट्याला येतं ते हेच. रटाळ आहे, पण खरा फंडा इथेच आहे. सहा महिने असे पेपर वाचले की बातमी कशाला म्हणतात आणि जाहिरात कशाला, हे आपोआप कळायला लागतं. अनेक मार्केटिंग मॅनेजरांना ते रिटायर होईपर्यंत कळत नाही!

मी फ्रीलान्स पत्रकार, म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूची. माझ्या इनबॉक्समध्ये मराठी प्रेस रिलीज येतात, ती साधारण अशी: 'क्षेत्रातील अग्रगण्य कंपनीने आपल्या नावीन्यपूर्ण उत्पादनाची घोषणा करताना अत्यंत आनंद व्यक्त केला आहे.' अहो, आनंद तुम्हाला झाला, पण बातमी कुठाय? ती सापडते चौथ्या परिच्छेदात. किंमत, तारीख, कोणत्या शहरात मिळणार वगैरे. आणि वाचताना लगेच कळतं की, इंग्रजी मजकूर कोणीतरी घाईघाईत मराठीत ओतलाय. त्यावर संध्याकाळी, पानं लागायच्या ऐन गडबडीत, फोन येतो, "मॅम, रिलीज मिळालं का?" मिळालं गं बाई. पण वाचवलं नाही.

मराठी मीडियमच्या मुलांना पीआरच्या इंटरव्ह्यूला जायची भीती वाटते ती इंग्लिशमुळे. 'तिथे सगळे फाडफाड बोलतात, आपला काय निभाव लागणार?' इंग्लिश लागतं, त्यातून सुटका नाही. क्लायंटचे मेल, मीटिंगा, प्रेझेंटेशन सगळं त्याच भाषेत. पण महाराष्ट्रात माल विकायचा, फंड विकायचा किंवा हॉस्पिटल चालवायचं तर लोकमत, सकाळ, महाराष्ट्र टाइम्स, लोकसत्तामध्ये नाव यावं असं क्लायंटला वाटतंच. मराठी बातमी थेट मराठीत लिहिणारी मुलगी एजन्सीला सहजासहजी मिळत नाही. त्यामुळे हे स्किल बायोडेटाच्या तळाशी 'लँग्वेजेस नोन'मध्ये गाडून टाकू नका. पहिल्या ओळीत लिहा, सोबत दोन नमुने जोडा. फक्त एक सावधगिरी हवी. एकदा 'ही मराठी करते' असं ठरलं की, सगळ्यांची भाषांतरं तिच्याच टेबलावर येऊन पडतात. क्लायंट मीटिंगला बसायला मिळणार का, हे आधीच विचारलेलं बरं.

नमुने आणायचे कुठून? कॉलेज फेस्टच्या पीआर टीममध्ये सगळेच असतात. त्यापेक्षा एरियातलं वाचनालय, ट्रेकिंग ग्रुप किंवा एकांकिका करणारी पोरं पकडा आणि त्यांची एक बातमी शहर पुरवणीत छापून आणून दाखवा. फुकट नाही, ओळखीने नाही, बातमी म्हणून. हे जमलं तर अर्धा इंटरव्ह्यू तिथेच झाला.

तिच्या बाबांना हे सगळं कालपरवाचं फॅड वाटत असेल तर सांगा, टाटांनी मुंबईत पीआर विभाग सुरू केला तो १९४३ साली. पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया आहे १९५८ पासून. आणि पहिलं प्रेस रिलीज म्हणून ज्याचं नाव घेतात, ते कुठल्या चकाचक लाँचचं नव्हतंच! १९०६ साली अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेलरोडची गाडी पुलावरून पाण्यात कोसळली, पन्नासहून जास्त माणसं गेली. तोवर रेल्वे कंपन्यांचा रिवाज अपघात दडपण्याचा. आयव्ही ली या पूर्वाश्रमीच्या पत्रकाराने उलटं केलं. कंपनीकडून पत्रक काढलं आणि रिपोर्टरना थेट जागेवर नेलं.

म्हणून त्या मावसबहिणीला एक प्रश्न जरूर विचारा. क्लायंटच्या फॅक्टरीत आग लागली, रात्री रिपोर्टरचा फोन आला आणि बॉस म्हणाला, 'सांग, काही झालंच नाही', तर तू काय सांगशील? 'माहिती घेऊन अर्ध्या तासात फोन करते' हे चालतं. खोटं बोललं की तो रिपोर्टर कायमचा गेला, आणि तो दुसऱ्या दिवशी दहा जणांना सांगतो. क्लायंट बदलतात, एजन्सी बदलते, मीडिया लिस्टवरची नावं मात्र तीच राहतात.

आता पैशांचं. इंटर्नशिपला 'एक्सपोजर मिळेल' असं गोड उत्तर देणाऱ्या एजन्सी आहेत. बदलापूरहून लोअर परळला रोज लोंबकळत येणाऱ्या मुलीच्या पासाचे पैसे एक्सपोजरने भरता येत नाहीत. तेव्हा स्टायपेंड किती, तास किती, सर्टिफिकेटवर काम काय लिहिणार, हे पहिल्याच दिवशी मेलवर मागायचं. लाजायचं नाही. आणि कव्हरेजची किंमत कशी मोजता, हेही विचारायचं. बातमीची जागा कॉलम सेंटीमीटरमध्ये मोजून तिला जाहिरातीच्या रेटने गुणायचं, हा जुना हिशेब. २०१० च्या बार्सिलोना प्रिन्सिपल्समध्ये या धंद्यातल्याच लोकांनी तो मोडीत काढला. समोरचा अजूनही पट्टी घेऊन बसला असेल, तर तिथे तीन महिन्यांत काय शिकायला मिळेल याचा अंदाज तिला तिथल्या तिथे येईल.