मोटारीच्या खिडकीची काच अशी का फुटते?

कोपरखैरण्याच्या सेक्टरांमधले रस्ते अरुंद आणि मोटारी मात्र फार. ओळीने बांधलेल्या घरांसमोर दोन्ही कडांना गाड्या उभ्या असतात आणि मधल्या पट्टीत मुलांचे क्रिकेट रंगात आलेले असते. कधी सीझनचा चेंडू जाऊन बसतो, तर कधी रात्री एखादा चोर दरवाजाची काच फोडून आतली पिशवी लांबवतो. सकाळी शाळेत जाताना रस्त्याच्या कडेला हिरवट झाक असलेल्या, खडीसाखरेसारख्या तुकड्यांचा ढीग तुम्ही पाहिला असेल. तोच त्या काचेचा शेवट.

आता घरात फुटलेला पेला किंवा तावदान आठवा. त्याचे लांब, सुरीसारखे धारदार तुकडे होतात. मोटारीच्या काचेचे मात्र हजारो चौकोनी खडे झाले. दोन्ही काचा वाळू, सोडा आणि चुनखडी वितळवूनच बनवलेल्या. मग एकीची सुरी आणि दुसरीची खडीसाखर का व्हावी?

याचे उत्तर शोधण्यासाठी आधी आजीला कंदिलाविषयी विचारा. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत १९१६ साली काचेचा कारखाना सुरू झाला आणि त्याचा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रात घरोघर पोचला. पेटलेल्या कंदिलाच्या तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब उडाला की काच ‘टच्’ आवाज करून तडकत असे. थेंब पडला तेवढी जागा एकदम थंड होते आणि आकसू पाहते. पण भोवतालची काच अजून गरमच असते. ती तिला आकसू देत नाही. म्हणजे थंड झालेली काच चहूबाजूंनी ओढली जाते, तिच्यात ताण निर्माण होतो. आणि ताण ही काचेची दुखरी नस आहे. काच दाबली तर ती प्रचंड भार सोसते, ओढली तर थोडक्यात तुटते.

असे का, हे ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२०-२१ मध्ये दाखवून दिले. काच कितीही गुळगुळीत दिसली तरी तिच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे असंख्य ओरखडे असतात. काच ओढली गेली की सारा ताण या ओरखड्यांच्या टोकांशी एकवटतो आणि तिथून भेग धावू लागते. उलट काच दाबली तर ओरखड्याची तोंडे मिटतात. पुस्तकांची एक रांग दोन्ही तळहातांत दाबून आडवी उचलून पाहा. जोवर हात दाबून धरलेले आहेत, तोवर दोन पुस्तकांमध्ये फट पडत नाही. हात जरा सैल केले की पुस्तके खाली.

तर मग काचेचा पृष्ठभाग कायमचा दाबून ठेवता आला तर? मोटारीच्या खिडकीत नेमके हेच केलेले असते, आणि त्यासाठी कोणी हात लावून बसत नाही. काच स्वतःच स्वतःला दाबते.

ही करामत बैलगाडीच्या चाकावरून छान समजते. लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना लोहार ती लालभडक तापवतो. तापल्यामुळे ती किंचित मोठी होते आणि चाकावर बसते. मग तिच्यावर पाणी ओततात. धाव आकसते आणि चाकाचे लाकूड आवळून टाकते. आता धाव ताणलेली आहे आणि लाकूड दाबलेले आहे. दोघे एकमेकांशी झुंजत आहेत आणि म्हणूनच चाक घट्ट आहे.

कारखान्यात खिडकीची काच आधी हव्या त्या आकारात कापतात, तिच्या कडा घासतात, भोके पाडायची असतील तर पाडतात. मग ती भट्टीत सुमारे ६२० ते ६५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. इतक्या उष्णतेत काच वितळत नाही, पण मऊ होते. त्याच वेळी तिला दरवाजाला साजेसा बाक देतात. लगेच दोन्ही बाजूंनी थंड हवेचे जोरदार झोत सोडतात. काचेची दोन्ही अंगांची ‘कातडी’ तत्काळ थंड होऊन घट्ट होते. पोट अजून गरम असते. थोड्या वेळाने पोटही थंड होऊ लागते आणि आकसू पाहते, पण कातडी आता घट्ट झालेली असते, ती मागे येत नाही. शेवटी पोट ताणलेले राहते आणि कातडी दाबलेली राहते. पोट म्हणजे आपली धाव, कातडी म्हणजे चाकाचे लाकूड!

हा दाब थोडाथोडका नसतो. कातडीवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १००० किलोग्रॅम, आणि पोटातला ताण त्याच्या निम्मा. काच ४ मिलिमीटर जाड धरली तर दोन्ही बाजूंची दाबलेली कातडी साधारण ०.८ मिलिमीटर जाडीची असते. अशा काचेला वाकवून ताणायचे, तर आधी हा सगळा दाब संपवावा लागतो. म्हणून ती साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत ठरते. तिला इंग्रजीत ‘टफन्ड ग्लास’ म्हणतात. आपण ‘टणक काच’ म्हणू.

हवेच्या झोतांच्या खुणा काचेत राहतात आणि त्या तुम्हाला पाहता येतील. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी ‘पोलराइज्ड’ गॉगल डोळ्यांवर चढवा आणि उभ्या असलेल्या मोटारीच्या मागच्या काचेकडे तिरपे पाहा. डोके हळूहळू डावी-उजवीकडे कलते करा. कोनाचा योग जुळला की काचेवर बिबट्याच्या कातडीसारखे ठिपके उमटतात. गॉगल काढला की ठिपके गायब. दाबलेल्या काचेतून जाताना ध्रुवित प्रकाशात बदल होतो, हे डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१५ च्या सुमारास शोधून काढले होते. जिथे झोत जोरात बसला तिथला दाब आणि शेजारचा दाब यांत थोडा फरक पडतो, तोच ठिपक्यांच्या रूपाने दिसतो.

ही युक्ती तशी जुनी आहे. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात टाकला की त्याला लांब शेपटी असलेल्या बेडकाच्या पिलासारखा आकार येतो. १६६० च्या सुमारास प्रिन्स रूपर्ट याने असे थेंब इंग्लंडच्या राजदरबारात नेले. गंमत अशी की थेंबाच्या डोक्यावर हातोडी मारली तरी ते फुटत नाही, पण शेपटीचे नाजूक टोक मोडले की सगळ्या थेंबाची भुकटी होते! रॉबर्ट हुक यांनी १६६५ च्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात या थेंबांचा विचार केला आहे. खरे कोडे मात्र १९९४ मध्ये उलगडले. एस. चंद्रशेखर आणि एम. एम. चौधरी यांनी सेकंदाला सुमारे दहा लाख चित्रे टिपणारा कॅमेरा लावला आणि भेग शेपटीकडून डोक्याकडे सेकंदाला दीड किलोमीटरहून अधिक वेगाने धावते व धावताना पुन्हापुन्हा दुभंगते, असे दाखवले. (दरबारी लोकांचा हा खेळ फ्रान्सच्या आल्फ्रेड द ला बास्ती याने १८७४ साली उद्योगात आणला. तो गरम काच तेलात बुडवीत असे.)

मोटारीच्या काचेत तेच घडते. एखादे टणक, अणकुचीदार टोक ०.८ मिलिमीटरची कातडी भेदून आत गेले की भेग ताणलेल्या पोटात शिरते. तिथे तिला धावायला रान मोकळेच! ती दुभंगते, तिचे फाटे पुन्हा दुभंगतात. हिशेब करून पाहा. काच ७५ सेंटिमीटर लांब आणि भेगेचा वेग सेकंदाला १५०० मीटर, तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचायला लागतो एका सेकंदाचा दोन हजारावा भाग. जितका पोटातला ताण अधिक, तितके खडे बारीक. युरोपातल्या नियमाप्रमाणे तर काच मुद्दाम फोडून पाहतात आणि ५ सेंटिमीटर बाजूच्या चौरसात निदान ४० तुकडे झालेले आहेत ना, हे मोजतात.

यातून मोटारमालकाच्या उपयोगाची एक गोष्ट निघते. टणक काच कापता येत नाही. आरसा किंवा तावदान काचवाला हिऱ्याच्या कलमाने ओरखडा काढून सहज तोडून देतो. टणक काचेवर तोच प्रयोग केला तर त्याच्या हातात खडेच उरतील. तिची भेगही दुरुस्त होत नाही, कारण भेग पडलेली टणक काच असूच शकत नाही. ती एक तर अखंड असते, नाही तर नसते. म्हणून गॅरेजवाला आधी विचारतो: गाडी कोणती, कोणत्या सालची, दरवाजा पुढचा की मागचा, डावा की उजवा? त्याच मापाची, त्याच बाकाची तयार काच मागवावी लागते. मोटारींच्या काचा बनवणारे कारखाने पुण्याजवळ भोसरी आणि चाकण येथे आहेत. काचेचा मूळ सपाट पत्रा वितळलेल्या कथिलावर काचेचा रस तरंगवून करतात. असा कारखाना पनवेल तालुक्यात तळोज्याला, म्हणजे कोपरखैरण्यापासून फार दूर नाही, १९९० नंतरच्या दशकात उभा राहिला.

नवी काच बसवण्यापेक्षा जुनी काढण्यातच कारागिराचा वेळ जातो. बॅटरीची तार सोडवून तो हँडलच्या मागे लपलेले स्क्रू काढतो आणि दरवाजाचे आतले कव्हर, ज्याला गॅरेजमध्ये ‘डोअर पॅड’ म्हणतात, ते हलकेच उचकटतो. त्यामागे चिकटवलेला प्लॅस्टिकचा कागद असतो. तो फाडू नये. पावसाचे पाणी तो आत येऊ देत नाही. दरवाजाच्या पोकळीत तळाशी खड्यांचा थर पडलेला असतो. व्हॅक्यूम क्लीनरने तो ओढून घ्यावा लागतो. हे काम कंटाळवाणे आहे आणि घाईत तेच राहून जाते. दरवाजाच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी लहान भोके असतात. खडे त्यांत अडकले की पावसाळ्यात दरवाजात पाणी साचते, आणि खाडीकाठच्या खारट हवेत पत्रा गंजायला वेळ लागत नाही. काच ज्या रबरी खाचेतून सरकते तीही बोटाने नव्हे, ब्रशने साफ करावी. खडे सुरीसारखे कापत नसले तरी टोचतात, हातमोजे हवेतच.

मग नवी काच तिरपी धरून पोकळीत सोडतात, काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेच्या पकडीत बसवतात आणि बोल्ट आवळतात. बोल्ट आणि काच यांच्यामध्ये रबर किंवा प्लॅस्टिकचे वेष्टन असते. धातू थेट काचेला लागता कामा नये, कारण कड हा काचेचा सर्वांत नाजूक भाग आहे. कव्हर लावण्याआधी काच चार-दोनदा वर-खाली करून पाहिली म्हणजे ती वाकडी चालते की सरळ, हे कळते.

एवढी मजबूत काच समोर का लावत नाहीत, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. चालत्या गाडीवर खडा उडून समोरच्या काचेचे क्षणात हजार खडे झाले तर चालकाला काहीच दिसणार नाही, आणि धडकेत माणूस बाहेर फेकला जाईल. म्हणून समोर दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पारदर्शक पापुद्रा घालून केलेली थरांची काच लावतात. आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनीच ते ठरवून दिले आहे. एदुआर बेनेदिक्तस या फ्रेंच रसायनतज्ज्ञाला तिची कल्पना १९०३ साली सुचली. ही काच तडकते, पण पापुद्र्याला चिकटून राहते.

दरवाजाच्या काचेने मात्र फुटून निघून जावे, हीच अपेक्षा असते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. रस्त्यांवर पाणी चढले, मोटारी बुडाल्या, विजेवर चालणाऱ्या काचा आणि कुलपे बंद पडली आणि काही जण गाडीतच अडकून मरण पावले. त्यांना दरवाजा का उघडता आला नाही? दरवाजा १ मीटर रुंद आणि पाणी त्याच्या तळापासून अर्धा मीटर चढलेले धरा. पाण्याची सरासरी खोली पाव मीटर, क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर. बाहेरून रेटणारा भार झाला १२५ किलोग्रॅम. पाणी १ मीटर चढले तर तो दुप्पट नव्हे, चौपट होतो: ५०० किलोग्रॅम!

अशा वेळी पट्टा सोडावा आणि वीज चालू आहे तोवर लगेच काच खाली करावी. ते जमले नाही तर दरवाजाच्या काचेच्या कोपऱ्याजवळ अणकुचीदार पोलादी हातोडीचा घाव घालावा. मुठी आणि लाथा वाया जातात. रुंद वस्तूचा मार कातडीवर पसरतो, टोक ती भेदते. समोरच्या काचेवर तर शक्ती मुळीच खर्च करू नये.

एक अडचण नव्याने आली आहे. आवाज कमी यावा म्हणून काही गाड्यांच्या दरवाजांतही आता थरांची काच बसवतात. अमेरिकेतील ‘एएए’ या वाहनचालकांच्या संस्थेने २०१९ मध्ये काच फोडण्याची सहा साधने तपासली. चार साधनांनी टणक काच फोडली; थरांची काच एकालाही फोडता आली नाही. आपल्या गाडीत कोणती काच आहे, हे काचेच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेले असते. ‘टफन्ड’ किंवा ‘टेम्पर्ड’ म्हणजे टणक, ‘लॅमिनेटेड’ म्हणजे थरांची. चारही दरवाजांवर सारखेच असेल असे समजू नका. पुष्कळदा पुढच्या दोन दरवाजांना एक आणि मागच्यांना दुसरी काच असते.