कल्पित संघ, खऱ्या धावा: फॅन्टसी क्रीडेचे नियम, डावपेच आणि 'कौशल्य' या शब्दाचा अर्थ

आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धा सुरू झाली की तिच्याबरोबर एक दुसरी, अदृश्य स्पर्धाही सुरू होते. मैदानावर दोन संघ खेळत असतात, आणि त्याच वेळी असंख्य प्रेक्षक त्याच खेळाडूंतून आपापले संघ रचून परस्परांशी झुंजत असतात. या दुसऱ्या स्पर्धेस इंग्रजीत 'फॅन्टसी स्पोर्ट' म्हणतात व मराठी वृत्तपत्रांनी 'फॅन्टसी क्रिकेट' हे रूप जसेच्या तसे स्वीकारले आहे. 'कल्पनाक्रीडा' किंवा 'स्वप्नसंघ' असे प्रतिशब्द सुचविता येतील. परंतु ते दोन्ही दिशाभूल करणारे आहेत, असे प्रस्तुत लेखकास वाटते. या खेळात कल्पित असतो तो केवळ संघ. त्यातील प्रत्येक धाव, प्रत्येक बळी, प्रत्येक झेल खरा असतो; इतकेच नव्हे, तर तो आपल्या हाताबाहेर असतो. स्वप्नात निदान स्वप्न पाहणाऱ्याची तरी इच्छा चालते!

या प्रकाराची उत्पत्ती अमेरिकेतील. १९६२ साली ओकलंड येथील विल्फ्रेड विंकेनबाख व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन फुटबॉलसाठी अशी स्पर्धा योजिली, आणि १९८० साली डॅनिअल ओक्रेंट यांनी बेसबॉलसाठी तिला नियमबद्ध रूप दिले. तेथून ती फुटबॉल, रग्बी व क्रिकेट या खेळांत पसरली. आपल्याकडे तिचे केंद्र मुंबई. हर्ष जैन व भावित शेठ यांनी २००८ साली तेथे 'ड्रीम इलेव्हन' ही संस्था स्थापिली, आणि पुढील दहा-पंधरा वर्षांत हे नाव इतके रूढ झाले की विशेषनामाचे सामान्यनाम व्हावे. आमखास मैदानाच्या कडेला उभा राहून 'टीम लावली का?' असे विचारणाऱ्या मुलाला उत्तर देणाऱ्याकडून अधिक खुलाशाची अपेक्षा नसते. या ठिकाणी 'लावणे' हे क्रियापद लक्षात घेण्यासारखे आहे. संघ 'निवडला' जात नाही, 'लावला' जातो; जसा आकडा लावतात, पैसे लावतात. भाषेने या खेळाचे वर्गीकरण न्यायालयाच्या आधीच करून टाकले होते.

प्रथम नियम पाहू. दीर्घकाळ प्रचलित असलेल्या पद्धतीत खेळणाऱ्यास १०० क्रेडिटांचे अंदाजपत्रक मिळे. त्यात त्याने दोन्ही संघांतून मिळून अकरा खेळाडू घ्यावयाचे, एका संघातील सातांपेक्षा अधिक घ्यावयाचे नाहीत, आणि यष्टिरक्षक, फलंदाज, अष्टपैलू व गोलंदाज या चारही वर्गांची किमान संख्या सांभाळावयाची. प्रत्येक खेळाडूस किंमत लावलेली असे. एका धावेस १ गुण, चौकारास अधिक १, षटकारास अधिक २, बळीस २५, झेलास ८, आणि विसाषटकी सामन्यात शून्यावर बाद होणाऱ्या फलंदाजास उणे २, अशी गुणांची ढोबळ कोष्टके होती. पुढे त्यांत फेरफार झाले. अकरांपैकी एकास कर्णधार नेमावयाचे; त्याचे गुण दुप्पट. उपकर्णधाराचे दीडपट. संघ सामना सुरू होईपर्यंत बदलता येतो, नंतर नाही.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास या रचनेत एक परिचित गोष्ट दिसेल. सोस्यूर यांनी भाषेची तुलना बुद्धिबळाशी केली ती एवढ्याचसाठी की मोहऱ्याचे मूल्य त्याच्या लाकडात किंवा हस्तिदंतात नसते, पटावरील इतर मोहऱ्यांशी असलेल्या त्याच्या संबंधात असते. फॅन्टसी क्रीडेत हे तत्त्व अक्षरशः लागू पडते. १०० क्रेडिटे अकरांत वाटली तर सरासरी ९ च्या किंचित वर येते. साडेदहा किमतीचे तीन नामांकित खेळाडू घेतले की साडेएकतीस खर्ची पडतात व उरलेल्या आठांसाठी साडेअडुसष्ट राहतात, म्हणजे प्रत्येकी सुमारे साडेआठ. तेव्हा नामांकित फलंदाज 'चांगला आहे काय' हा प्रश्नच गैरलागू ठरतो. तो आपल्या किमतीच्या मानाने, आणि त्याच्यामुळे ज्यास वगळावे लागते त्याच्या मानाने, चांगला आहे काय, एवढेच विचारावयाचे. नवशिक्यांची पहिली चूक येथे होते. ते खेळाडू निवडतात. निवडावयाचा असतो संघ.

दुसरी गोष्ट गुणकोष्टकाची. कोष्टक जे मोजते तेच या खेळात अस्तित्वात असते. ७ नोव्हेंबर २०२३ रोजी वानखेडे मैदानावर झालेला ऑस्ट्रेलिया-अफगाणिस्तान विश्वचषक सामना याचे उत्तम उदाहरण होय. २९२ धावांचे लक्ष्य असताना ऑस्ट्रेलियाचे सात गडी ९१ धावांत बाद झाले होते. त्या डावात ग्लेन मॅक्सवेल याने १२८ चेंडूंत नाबाद २०१ धावा काढल्या, त्यांत २१ चौकार व १० षटकार. वरील कोष्टकाने धावा व सीमापार फटके एवढेच धरले तरी त्याचे २४२ गुण होतात. दुसऱ्या टोकास पॅट कमिन्स ६८ चेंडू खेळून १२ धावांवर नाबाद राहिला. त्याच्या वाट्यास फलंदाजीचे जेमतेम बारा-तेरा गुण येतात, आणि धावगती मंद म्हणून त्यांतूनही वजावट होते. ज्याने तो सामना पाहिला त्यास विचारले, तर कमिन्स एका बाजूस उभा राहिला नसता तर ते द्विशतक झालेच नसते, असे तो सांगेल. परंतु कोष्टकास 'उभे राहणे' या क्रियापदासाठी जागा नाही.

रग्बीत हीच अडचण अधिक तीव्र होते. पंधरा खेळाडूंच्या या खेळात ट्रायला ५, त्यानंतरच्या यशस्वी कन्व्हर्जनला २, पेनल्टी व ड्रॉप गोलला प्रत्येकी ३ गुण मिळतात. पण स्क्रमच्या पहिल्या रांगेत खांदा लावणारा खेळाडू यांतले काहीच न करता सामना जिंकून देऊ शकतो. म्हणून फॅन्टसी रग्बीच्या योजनांत टॅकल, चेंडू घेऊन कापलेले अंतर, प्रतिपक्षाकडून हिसकावलेला चेंडू यांसही गुण द्यावे लागतात. सहा राष्ट्रांच्या वार्षिक स्पर्धेसाठी संघ रचणाऱ्याने प्रथम हे कोष्टक वाचावे, खेळाडूंची कीर्ती नंतर. ट्राय करणारा विंगर एखाद्या सामन्यात चमकतो व पुढच्या दोन सामन्यांत त्याच्याकडे चेंडूच येत नाही. उलट दर सामन्यात पंधरा-वीस टॅकल करणारा फ्लँकर संथपणे परंतु खात्रीने गुण जमवितो. ठरलेला किकर हा तर सर्वांत भरवशाचा, कारण ट्राय कोणीही करो, कन्व्हर्जन त्याच्याच पायातून जाते. आपल्याकडे रग्बी मुंबईच्या जिमखान्याबाहेर फारशी पाहिली जात नसे. २०२५ च्या जूनमध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला तेव्हा सात खेळाडूंच्या रग्बीची काहींना नव्याने ओळख झाली.

दोन्ही खेळांत माहितीच्या वेळेचाही फरक आहे. रग्बीच्या आंतरराष्ट्रीय सामन्याचा संघ साधारणतः दोन दिवस आधी जाहीर होतो. क्रिकेटमध्ये अंतिम अकरा नाणेफेकीच्या वेळी, म्हणजे सामन्यापूर्वी सुमारे अर्धा तास कळतात. म्हणून क्रिकेटमध्ये त्या अर्ध्या तासाला फार महत्त्व आहे. आदल्या रात्री लावलेल्या संघातील एक खेळाडू बाहेर बसला की अकराऐवजी दहांनी लढावे लागते, आणि ही हानी कोणत्याही चातुर्याने भरून निघत नाही. स्पर्धा लांबलचक असेल व संघात मोजकेच बदल करण्याची मुभा असेल, तर वेळापत्रक हाच मुख्य ग्रंथ. साखळीत लवकर गारद होण्याची शक्यता असलेल्या संघाचा उत्तम खेळाडू पहिल्या फेरीस उपयोगी, उपान्त्य फेरीस नाही.

आता डावपेचांच्या गाभ्याकडे वळू. किती प्रतिस्पर्धी आहेत यावर योग्य संघ कोणता ते अवलंबून असते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. समजा, शंभर प्रतिस्पर्ध्यांपैकी ऐंशींनी 'क' या खेळाडूस कर्णधार केले आहे आणि त्यांच्या संघात 'ल' हाही आहे. आपण उलट 'ल'ला कर्णधार केले व 'क'ला साधा ठेवला. 'क'ने ९० व 'ल'ने ५० गुण मिळविले, तर त्यांचे १८० अधिक ५० म्हणजे २३०, आपले ९० अधिक १०० म्हणजे १९०. आपण चाळीस गुणांनी मागे. परंतु 'क' लवकर बाद होऊन ४ गुणांवर राहिला, तर त्यांचे ८ अधिक ५० म्हणजे ५८ आणि आपले ४ अधिक १०० म्हणजे १०४. एका फटक्यात आपण ऐंशी जणांच्या पुढे सेहेचाळीस गुणांनी जातो. दोघा-तिघा मित्रांच्या चढाओढीत हा धोका पत्करणे वेडेपणाचे, कारण 'क' बहुधा खेळेलच. हजारोंच्या स्पर्धेत, जेथे बक्षीस पहिल्या थोड्यांनाच असते, तेथे सर्वांसारखा संघ लावून पहिला क्रमांक मिळणे जवळजवळ अशक्य. तेथे धोका हेच शहाणपण. जो खेळाडू सर्वांकडे आहे तो कितीही खेळला तरी आपणांस पुढे नेत नाही. मूल्य भेदातून निर्माण होते हा सोस्यूरचा सिद्धान्त वर्गात समजावून सांगताना प्रस्तुत लेखकास याहून सुबोध दृष्टान्त सापडलेला नाही.

मग हे कौशल्य की दैव? हा प्रश्न आपल्या न्यायालयांपुढे वारंवार आला आहे. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने 'मिअर स्किल'च्या, म्हणजे 'केवळ कौशल्या'च्या खेळांस सूट दिली होती. शब्दशः पाहता असा खेळ जगात विरळा. १९५७ साली चमारबागवाला प्रकरणी बक्षिसांच्या शब्दकोड्यांसारख्या स्पर्धांचा विचार करताना सर्वोच्च न्यायालयाने यश पुष्कळ अंशी कौशल्यावर अवलंबून असणाऱ्या स्पर्धा जुगाराहून वेगळ्या मानल्या. १९६७ साली रमीचा प्रश्न आला, तो सिकंदराबादच्या एका क्लबमधून आणि हैदराबाद संस्थानच्या जुगार कायद्याखाली. आपला मराठवाडा ज्या संस्थानात होता त्याचाच हा कायदा. न्यायालयाने रमी हा मुख्यत्वेकरून कौशल्याचा खेळ ठरविला. १९९६ साली घोड्यांच्या शर्यतींबाबत हीच दिशा कायम झाली. अशा रीतीने 'केवळ' या विशेषणाचा अर्थ 'मुख्यत्वे' असा झाला. शब्दाचा अर्थ पातळ होण्यास बोलीत शतक लागते. येथे ते काम थोड्या निकालपत्रांनी केले. याच आधारावर पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०१७ साली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये, 'ड्रीम इलेव्हन'चा खेळ कौशल्याचा मानला.

या युक्तिवादात एक उणीव राहते, असे आमचे मत आहे. कौशल्याचे प्रमाण हा खेळाचा अंगभूत गुण नव्हे. किती वेळा खेळले यावर ते बदलते. पन्नास सामन्यांच्या बेरजेत जाणकार हा अजाणाच्या पुढे जाणारच. एका सामन्यात मात्र एक पायचीत, एक सुटलेला झेल सर्व अभ्यास पुसून टाकतो. त्याशिवाय दुसरे गणित आहे. समजा, दहा जणांनी प्रत्येकी ५० रुपये भरले आणि जमलेल्या ५०० पैकी ४२५ बक्षिसात वाटले. तर सरासरी खेळणारा दर वेळी साडेसात रुपये गमावतो, मग तो दहाही जण कितीही निष्णात असोत. कौशल्य वाढल्याने पैसा एकाकडून दुसऱ्याकडे सरकतो; निर्माण होत नाही. वसतिगृहातील ज्या विद्यार्थ्यास महिन्याच्या खर्चातून हे पन्नास काढावयाचे असतात त्यास हा खेळ 'कौशल्याचा' आहे हे सांगणे खोटे नसले तरी अपुरे होते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी नवा कायदा मंजूर केला व २२ तारखेस त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याच महिन्यात 'ड्रीम इलेव्हन'ने पैशाच्या स्पर्धा बंद केल्या. या कायद्याने कौशल्य व दैव यांतील जुना वाद सोडविला नाही, त्याला वळसा घातला. पैशाचा ऑनलाइन खेळ म्हणजे ज्यात पैसा किंवा अन्य पण लावून जिंकण्याची अपेक्षा असते तो, मग तो कौशल्याचा असो, दैवाचा असो वा दोहोंचा. ज्या विरोधावर साठ-सत्तर वर्षे निकाल उभे होते त्या विरोधालाच या व्याख्येत कार्य उरले नाही. ई-क्रीडा व ऑनलाइन सामाजिक खेळ हे वेगळे वर्ग मानले गेले असून पण न लावता मित्रमंडळींत चालणाऱ्या फॅन्टसी स्पर्धांस या बंदीचा अडथळा नाही.

या व्याख्येत एक शब्द मात्र सावधपणे वाचावयास हवा. 'अन्य पण' यात पैसे देऊन विकत घेतलेली नाणी, टोकने व 'क्रेडिटे' येतात. संघ रचताना मिळणारी १०० क्रेडिटेही त्याच नावाची आहेत. परंतु ती कोणी विकत घेत नाही, ती पैशात बदलत नाहीत, आणि सामना सुरू झाला की त्यांचा हिशेब संपतो. शब्द एकच, पण एकीकडे तो पणाचा वाचक आहे आणि दुसरीकडे केवळ मापाचा.