विल्यम अलेक्झांडर पर्सी: मळेमालक आणि कवी

अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातल्या ग्रीनव्हिल येथे १८८५ मध्ये जन्मलेले विल्यम अलेक्झांडर पर्सी हे वकील, कवी आणि ‘ट्रेल लेक’ या विस्तीर्ण कापूस-मळ्याचे मालक होते. तेथे गुलामगिरीनंतर रूढ झालेली वाटेकरी पद्धत, म्हणजे जमीन मालकाची, श्रम मुख्यतः कृष्णवर्णीय कुटुंबांचे आणि पिकात दोघांचा वाटा, अशी व्यवस्था होती. त्यांची जुन्या वळणाची कविता आज फारशी वाचली जात नाही. १९२७ च्या महापुरात मदत समितीचे प्रमुख म्हणून त्यांनी लेव्हीवर, म्हणजे पूर अडवणाऱ्या मातीच्या बांधावर, अडकलेल्या हजारो कृष्णवर्णीयांना आगबोटींतून हलवण्याचे ठरवले होते. पण गेलेले मजूर परतणार नाहीत या भीतीने मळेवाल्यांनी, आणि खुद्द पर्सींच्या वडिलांनीही, हा बेत मोडला, बोटी जवळजवळ रिकाम्याच परतल्या आणि ती माणसे बांधावरच पहाऱ्याखाली राबत राहिली. ‘लँटर्न्स ऑन द लेव्ही’ (१९४१) या आत्मकथनात त्यांनी वाटेकरी पद्धतीचे समर्थन केले. गद्य कितीही सुंदर असले, तरी त्यातील पालकत्वाची भूमिका अन्यायावर पांघरूण घालते, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. १९४२ मध्ये ते निवर्तले. त्यांनी दत्तक घेतलेल्या आप्तांच्या मुलांपैकी वॉकर पर्सी पुढे नामवंत कादंबरीकार झाले.