पिंगळीच्या दुकानात काय ठेवायचं? टक्का नाही, फेरा बघा!



'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण आपल्या भागात कुणाला माहीत नाही? पिंगळीत दुकान टाकणाऱ्यानं ती जरा वेगळ्या अर्थानं भिंतीवर लिहून ठेवावी. गिऱ्हाईक आधी तुमच्याकडे विचारणार. मिळालं तर ठीक, नाही तर परभणी! रेल्वेनं पुढचंच स्टेशन. तिथं दुकानं मोठी, माल भरपूर. वरून मोबाइलवर ऑनलाइन आहेच.

मग घराला आणि गाडीला लागणाऱ्या बारीकसारीक वस्तूंचं दुकान गावात चालेल का? चालेल. पण माल निवडताना चुकलात, तर भांडवल फळीवरच अडकेल. समजा तुम्ही मुद्रा योजनेतलं 'शिशु' कर्ज घेतलं. त्याची मर्यादा ५०,००० रुपये. हप्ता मात्र दर महिन्याला येणार, माल विको अगर न विको. म्हणून आधी हा हिशेब समजून घ्या.

टक्का मोठा की फेरा मोठा?

१०,००० रुपयांचे कारचे सीट कव्हर आणले. खरेदीवर ४० टक्के सुटतात, पण सगळे विकायला ६ महिने लागले. कमाई ४,००० रुपये.

आता त्याच १०,००० रुपयांत एलईडी बल्ब, टेस्टर, टेफ्लॉन टेप, इंडिकेटरचे बल्ब, क्लच वायर असा माल भरला. सुटतात फक्त १५ टक्के, पण माल महिन्यात संपतो आणि त्याच पैशात तुम्ही पुन्हा भरता. महिन्याला १,५०० म्हणजे ६ महिन्यांत ९,००० रुपये. दोन्हीकडे भाडं, वीज, जाण्यायेण्याचा खर्च वजा व्हायचाय, हे खरं. पण फरक दिसला ना? टक्का कमी असूनही कमाई दुपटीपेक्षा जास्त, कारण पैसा फिरला.

मग सीट कव्हर विकायचेच नाहीत का? विका, पण भरून ठेवू नका. प्रत्येक गाडीचं माप वेगळं असतं. एक-दोन नमुने ठेवा, निम्मे पैसे ॲडव्हान्स घ्या आणि मग मागवा.

'आत्ता पाहिजे' तोच तुमचा माल

वीस रुपयांच्या वस्तूसाठी परभणीला जायचं म्हणजे वस्तूपेक्षा भाडं जास्त आणि अर्धा दिवस मोडला. ऑनलाइन मागवलं तर दोन-तीन दिवस वाट बघा. नळ गळतोय, लाइट गेली, गाडी बंद पडली, तेव्हा माणूस थांबू शकत नाही. तिथं तुम्ही जिंकता.

- घरासाठी: बल्ब, होल्डर, बॅटरी आणि सेल, नळाची तोटी, टेफ्लॉन टेप, एम-सील, कुलूप, सुतळी, एक्स्टेंशन बोर्ड.
- गाडीसाठी: दुचाकीचा प्लग, क्लच आणि ब्रेकच्या वायरी, फ्यूज, १२ व्होल्टचे बल्ब, पंक्चरचं सामान, ग्रीस, डिस्टिल्ड वॉटर, ट्रॉलीला लावायचं रेडियम.

हंगाम बघून माल भरा

मार्च ते मे कूलरचे पंप आणि गवत. जूनला छत्री, वायपर, टॉर्च. ताडपत्री तर दोनदा चालते: एकदा पावसाच्या तोंडावर, आणि पुन्हा सोयाबीन काढणीला, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. ढीग झाकायला ती लागतेच. माल हंगामाच्या पंधरा दिवस आधी आणा आणि हंगाम संपायच्या आधी काढून टाका. जुलैत उरलेला कूलरचा पंप म्हणजे पुढच्या मार्चपर्यंत झोपलेले पैसे.

स्वस्त माल घेताना जपून

वायर, स्विच, गॅसचा रेग्युलेटर यांवर आयएसआयची खूण बघूनच घ्या. इथं दहा रुपये वाचवले आणि कुणाच्या घरात शॉर्टसर्किट झालं, तर गाव तुमच्या दुकानाची पायरी चढणार नाही. पाकीटबंद मालावर एमआरपी आणि कंपनीचं नाव-पत्ता छापलेला हवा. एमआरपीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही. आणखी एक गोष्ट: २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. होलसेलवाला जुना भाव लावत असेल, तर बिल मागा आणि विचारा.

उधारी

'सोयाबीन आलं की देतो' हे तुम्हाला रोज ऐकायला मिळेल. माणूस खोटं बोलत नसतो. पैसा खरंच पिकावर येतो. पण फळीवर पडलेला माल आणि वहीत पडलेली उधारी, दोन्ही सारखेच. शंभर रुपयांच्या आतला माल रोखीनंच द्या. मोठ्या वस्तूला उधारी द्यायचीच, तर निदान तुमची खरेदी किंमत आधी घ्या.

या महिन्याचं काम

एक साधी वही घ्या. तिच्यात 'नाही' म्हणून परत पाठवलेली प्रत्येक वस्तू लिहा. महिन्यात तीनदा विचारली गेली, तर ती आणा. दुसऱ्या पानावर ९० दिवसांत न हललेला माल लिहा आणि तो खरेदीच्या भावात काढून टाका. नुकसान वाटेल, पण सुटलेल्या पैशात चालणारा माल येईल.

तुमच्या वहीत पहिल्या आठवड्यात कोणत्या तीन वस्तू आल्या, ते आम्हाला जरूर कळवा.