राजम्याची दोन घराणी

कोरेगावचा मानांकन मिळालेला वाघ्या घेवडा, मंडईतली फरसबी आणि ढाब्यावरचा लाल राजमा ही सारी एकाच वनस्पतीची रूपं. शास्त्रात तिला फॅसिओलस व्हल्गॅरिस म्हणतात. मूळची ती अमेरिका खंडातली. तिथे माणसाने ती दोनदा शेतात आणली, एकदा मेक्सिकोच्या बाजूला आणि एकदा दक्षिणेत अँडीज पर्वतरांगांत. दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना एकमेकांचा पत्ता नव्हता. त्याच्याही फार आधी, एक लाखाहून अधिक वर्षांपूर्वी, रानातल्याच वेलींची फाटाफूट झाली होती.

मेक्सिकोकडचे दाणे बहुधा बारीक, शंभराचं वजन बऱ्याचदा २५ ग्रॅमच्या आत. काळा राजमा त्यातलाच. अँडीजकडचे टपोरे, शंभर दाणे ४० ग्रॅमच्या वर. गडद लाल किडनी राजमा या घराण्याचा. १९८० च्या दशकात पॉल गेप्ट्स आणि सहकाऱ्यांनी दाण्यातल्या फॅसिओलिन या प्रथिनाचे प्रकार तपासले आणि ही विभागणी पक्की झाली.

मग दोघांचा संकर करून दोन्हीकडचे गुण एकत्र का आणू नयेत? संकर करणं तसं अवघड नाही. कळी उमलण्याआधी चिमट्याने पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे. दाणा धरतो, उगवतोही. खरा घोळ त्यानंतर सुरू होतो. काही जोड्यांची रोपं खुरटतात, खोडावर भलत्याच जागी मुळं फुटतात, आणि उष्णतेत तर ती मरूनही जातात. कारण दोन जनुकं. डीएल-१ मेक्सिकोकडे आढळतं, डीएल-२ अँडीजकडे. आपापल्या घरी दोन्ही निरुपद्रवी, एका रोपात आली की बिनसतं. गंमत म्हणजे पहिल्याचा प्रभाव मुळात पडतो, दुसऱ्याचा शेंड्यात, म्हणून कलम बांधूनही हा बिघाड घडवता येतो.

कोलंबियातल्या पाल्मिरा इथल्या सियात या आंतरराष्ट्रीय संस्थेत श्री सिंग आणि गुतिएरेझ यांनी १९८४ मध्ये ही जनुकं कुठे-कुठे पसरली आहेत आणि दाण्याच्या आकाराशी त्यांचा संबंध काय, हे मांडलं. पैदासकारांसाठी त्याचा अर्थ सरळ होता: दोन्ही जनुकं नसलेलं वाण निवडा, आधी त्याच्याशी संकर करा आणि त्याच्या आडून पलीकडचे गुण आणा.

एवढं करूनही पुढच्या पिढ्या फारशा सुखावह नसतात. दाण्याचा आकार, रंग, तयार होण्याचा काळ सगळं विस्कटतं, उत्पादनही बरेचदा आई-बापांपेक्षा कमी भरतं. म्हणून एका बाजूच्या वाणाशी एक-दोनदा पुन्हा संकर करून हवा तेवढाच गुण ठेवतात. माझ्या मते, पन्नास-पन्नास मिश्रणाच्या हौसेपेक्षा हा कंजूष मार्ग शहाणपणाचा आहे.

एवढी यातायात कशासाठी, याचं उत्तर रोगांत आहे. पानांवर कोनीय ठिपके पाडणाऱ्या बुरशीचेही दोन गट आहेत, अँडीजचा आणि मध्य अमेरिकेचा. अँडीज गटातली बुरशी मुख्यतः अँडीजच्याच राजम्यावर तुटून पडते, कारण दोघं बराच काळ सोबत वाढले. करप्याच्या बुरशीतही असाच कल दिसतो. त्यामुळे प्रतिकाराचं जनुक बऱ्याचदा पलीकडच्या घराण्यात शोधावं लागतं. पूर्व आफ्रिकेत तर टपोऱ्या दाण्याला मोठी मागणी. मेक्सिकोकडची प्रतिकारशक्ती तिथल्या वाणात आणायची, पण दाणा बारीक होऊ द्यायचा नाही. तसा झाला तर शेतात कितीही टिकला तरी गिऱ्हाईक त्याला नापसंत करतं.