विश्लेषण : हजारो वर्षांपूर्वीचे शिंपल्यांचे ढिगारे कसे मोजतात? त्यावरून वाद का होतात?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात बर्कली शहरातील एका पार्किंगच्या जागेवरून अनेक वर्षे वाद सुरू होता. विकासकांना तेथे इमारती उभारायच्या होत्या, तर ओलोनी या मूलनिवासींसाठी ती पूर्वजांची पवित्र भूमी होती. तेथील शिंपल्यांचा प्राचीन ढिगारा कुठपर्यंत पसरला होता आणि जमिनीखाली त्यातले काय उरले आहे, हा या वादातील कळीचा मुद्दा ठरला.

शेलमाउंड म्हणजे काय?

कोकणात तिसऱ्या, कालवे खाऊन झाल्यावर शिंपल्या परसात टाकल्या जातात. हेच एका जागी शेकडो पिढ्या होत राहिले, तर त्याची टेकडी होते. अशा टेकडीला ‘शेलमाउंड’ म्हणतात. त्यात राख, माती, प्राण्यांची हाडे आणि हत्यारेही सापडतात. सॅन फ्रान्सिस्को खाडीभोवतीच्या ढिगाऱ्यांमध्ये माणसांची दफनेही आहेत. त्यामुळे त्यांना केवळ उकिरडा म्हणता येत नाही. पुरातत्त्वज्ञ नेल्स नेल्सन यांनी १९०९ मध्ये या खाडीभोवती सुमारे ४२५ ढिगाऱ्यांची नोंद केली होती.

आकार मोजण्याची गरज काय?

घनफळ कळले, की तेथे किती लोक किती काळ राहिले असतील, याचा अंदाज बांधता येतो. कार्बन डेटिंग नव्हते त्या काळात नेल्सन यांनी ढिगाऱ्याचे वयही याच पद्धतीने काढले. मात्र मोठा ढीग म्हणजे भरपूर अन्न, असे नाही. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ जेफ बेली यांच्या गणितानुसार, एका लाल हरणाच्या मांसाइतके पोषण मिळवायला ५२,२६७ कालवे लागतात. हरणाची हाडे मूठभर उरतात, शिंपल्यांचा मात्र डोंगर होतो.

मोजणी कशी होते?

समजा, ढिगाऱ्याचा व्यास १०० मीटर आणि उंची १० मीटर आहे. तो शंकूसारखा मानला तर घनफळ सुमारे २६,००० घनमीटर येते. उपड्या परातीसारखा गोलसर मानला तर तेच सुमारे ३९,८०० घनमीटर होते. मापे तीच, पण उत्तरात दीडपट फरक. व्यास मोजताना १० टक्के जास्त धरला गेला, तर घनफळ २१ टक्क्यांनी फुगते.

म्हणूनच आता ड्रोनवरील लायडार किंवा शेकडो छायाचित्रांतून पृष्ठभागाचा त्रिमितीय नकाशा तयार केला जातो. पण त्यातून फक्त वरची बाजू कळते. खाडीकाठच्या काही ढिगाऱ्यांचा तळ आजच्या भरतीरेषेच्याही खाली आहे. तळ शोधण्यासाठी ठरावीक अंतरावर भोके घेऊन मातीचे नमुने काढतात. जमिनीत शिरणारे रडारही वापरतात, मात्र खाऱ्या, ओल्या मातीत त्याचे संकेत लवकर क्षीण होतात. शेवटी नमुने चाळून शिंपल्या, राख आणि माती वेगवेगळी तोलली जाते. त्या प्रमाणावरून एकूण शिंपल्यांचे वजन काढतात.

ढिगाराच नाहीसा झाला असेल तर?

अशा वेळी जुने नकाशे, छायाचित्रे आणि उत्खननाच्या नोंदी यांचाच आधार उरतो. बर्कलीशेजारच्या एमरीव्हिल येथील ढिगारा सुमारे ६० फूट उंच आणि ३५० फूट व्यासाचा होता. माथ्यावर नृत्याचा मंडप असलेले उद्यान तेथे होते. १९२४ मध्ये ढिगारा सपाट करण्यात आला. पुढे तेथे कारखाना आला आणि २००२ मध्ये मॉल सुरू झाला. बांधकामावेळीही जमिनीखाली मानवी अवशेष सापडले. वरचा भाग गेला म्हणजे सगळे संपले असे नसते, हे त्यातून दिसले.

बर्कलीत शेवटी काय झाले?

२०२१ मध्ये अपील न्यायालयाने विकासकांच्या बाजूने निकाल दिला. या प्रकल्पासाठी कोणतीही ‘ऐतिहासिक वास्तू’ पाडावी लागणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. मात्र मार्च २०२४ मध्ये शहर परिषदेने ही सुमारे २.२ एकर जागा विकत घेऊन मूलनिवासी महिलांच्या नेतृत्वाखालील ‘सोगोरिया ते लँड ट्रस्ट’कडे सोपवण्याचा निर्णय घेतला. व्यवहार २ कोटी ७० लाख डॉलरचा होता आणि त्यातील बहुतांश रक्कम ट्रस्टने उभी केली. तेथे आज डोळ्यांना ढिगारा दिसत नाही. तरीही ओलोनींना आपली भूमी परत मिळाली.